एका चिमट्यातल्या दोन चादरी

गॅनेट हेडच्या खडकावर उतरायचं तर नियम एकच. बोटवाला "आता" म्हणेल तेव्हा उडी मारायची. त्याआधी नाही आणि त्यानंतर तर नाहीच. लाट बोटीला उचलते, खडक क्षणभर पायरीइतका जवळ येतो, तेवढ्यात पाय टाकायचा. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर क्विंटनांची मुलं हे नीट बोलायच्या आधी शिकतात. पण मार्जरी क्विंटन ही सून, तीसुद्धा ऑन्टारियोची, आणि तिकडे कुणी "आता" म्हणायची वाट बघत नाही.

तिने उडी मारली तेव्हा लाट उतरत होती.

"मार्ज!" असं ओरडून हेवर्डने तिचा हात धरला. तो धरायला नको होता. बायको कमरेपर्यंत पाण्यात, नवरा गळ्यापर्यंत. अ‍ॅबसलोम ब्लॅकवुडने दोघांना एकामागून एक कॉलरला धरून वर घेतलं, खडकावर उभं केलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आता."

उना इतकी हसली की तिला खडकावर बसावं लागलं. बावन्न वर्षांची बाई, पण आज सकाळपासून तिचं असंच चाललं होतं. न्याहारी करताना चहात मीठ टाकलं आणि हसली. बोटीत बसताना बूट उलटे घातले आणि हसली. हसली नसती तर रडलीच असती.

कारण आज तिला आईला सांगायचं होतं. आज नाही तर कधीच नाही. हेवर्डदादा दहा दिवसांसाठी आला होता. आईचा ऐंशीवा वाढदिवस हे निमित्त, पण खरं कारण त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. घर विकायचा कागद. आईने सही करायची, वृद्धाश्रमात जायचं, आणि उनाने दादाच्या घराच्या तळघरातली खोली घ्यायची, असं सगळं त्याने ठरवून टाकलं होतं. उद्या सकाळी तो कागद घेऊन परत निघणार होता. आणि उनाने काय ठरवलं होतं ते जगात फक्त दोघांना माहीत होतं. एक उना, आणि दुसरा आत्ता दोर बांधत होता.

"उना," तिची आई ड्रुसिलाबाई बोटीतून म्हणाल्या, "त्या बोटवाल्याला सांग, दोर घट्ट बांध म्हणावं."

अ‍ॅबसलोम त्यांच्यापासून दोन हातांवर होता. "बांधलाय, काकी."

"उना, त्याला सांग, मी त्याला विचारलं नव्हतं."

ब्लॅकवुडांशी न बोलण्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली होती. पिंचर्स कोव्ह गावातून या खडकावर ने-आण त्याच्याच बोटीने व्हायची म्हणून बसायचं तिच्यात. पण बोलायचं नाही. अ‍ॅबसलोमने त्यांना लहान मुलीसारखं उचलून अलगद खडकावर ठेवलं, तेव्हाही त्या समुद्राकडेच बघत होत्या. "उना, त्याला सांग, झालं असेल तर हात काढ."

*

मार्जरी वाईट नव्हती. उलट ती फार चांगली होती, आणि त्याचाच त्रास जास्त व्हायचा. दीपगृहाच्या राखणदाराच्या जुन्या घरात शिरल्याबरोबर तिने चूल पेटवली, कपाटातल्या दोन पांढऱ्या चादरी काढून स्वतःला आणि नवऱ्याला पुसलं, त्याला फुलाफुलांच्या गोधडीत गुंडाळलं, स्वतः कांबळं पांघरलं, आणि ओले कपडे घेऊन बाहेर दोरीकडे गेली.

दिवा आपोआप लागायला लागल्यापासून हे घर रिकामंच. उन्हाळ्यात पाहुणे येतात, त्यांच्यासाठी गावाच्या समितीने झाडलोट उनाकडे दिली होती आणि ने-आण अ‍ॅबसलोमकडे. दोन उन्हाळे. मार्जरीने बोटीत बघितलं होतं, चढताना अ‍ॅबसलोमने सगळ्यांचे हात धरले, पण उनाचं कोपर. आणि हाताला धरलं की माणूस सोडतो, कोपराला धरलं की जरा वेळ लागतो. मार्जरीने हे मनात ठेवून दिलं.

दोरीवर चिमटे मोजून अकरा होते. हेवर्डची पँट, शर्ट, बनियन, तिचं सगळं. तेवढ्यात हेवर्ड गोधडी सावरत दारात आला. त्याच्या हातात तो कागद होता, लिबलिबीत झालेला.

"हाही वाळत घाल."

"हा? चड्ड्यांच्या शेजारी?"

"मार्ज, आईची सही हवीय त्याच्यावर. चिमटा लाव."

तिने कागद मधोमध लावला. चादरी राहिल्या, त्या एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन-दोन चिमट्यांनी, ताणून. हे नीट लक्षात ठेवा. पुढे तिच्यावर आळ येणार आहे.

"चला, वर जाऊ," हेवर्ड म्हणाला. "दिवा बघायला आलोय ना? आई, तू नाही. त्रेसष्ट पायऱ्या आहेत, तुझा खुबा बघ."

ड्रुसिलाबाई दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य या बाकाच्या आसपास गेलेलं. नवरा जोसाया दिवा सांभाळायचा आणि त्या जोसायाला. "जा," त्या म्हणाल्या. "पण बूट पुसा. वर चिखल नेलात तर याद राखा."

"अगं, आता कोण तपासायला येतंय?"

"बूट पूस, हेवर्ड."

अठ्ठावन्न वर्षांचा, गोधडीतला हेवर्ड बूट पुसायला वाकला.

*

वर जाऊन पहिली गोष्ट हेवर्डने केली ती म्हणजे पडदे नीट ओढलेत का ते बघितलं. हात आपोआप गेला. माणसाएवढं उंच ते भिंग, चहूबाजूंनी काचेच्या कडा, आणि दिवसा त्याच्यावर ऊन पडू द्यायचं नाही हे त्याच्या अंगात भिनलेलं.

"का पण?" मार्जरीने विचारलं.

"आग लागते. रात्री जे भिंग दिव्याचा उजेड वीस मैलांवर फेकतं, तेच दिवसा सूर्याला धरून आत फेकतं. सेंट जॉन्सहून तपासनीस आला होता, अठ्ठेचाळीस साली. उभा राहिला इथे, बाबांची पाठ थोपटली, आणि त्याच्या कोटाच्या मागून धूर यायला लागला."

"धूर!"

"नाण्याएवढं भोक. नवा कोट. कुणीतरी सकाळी पडदा उघडा टाकला होता. बाबा म्हणाले, मी नाही. मग उरला मदतनीस, ईलाय ब्लॅकवुड. तो तोंडातून शब्द काढेना. त्याला त्याच आठवड्यात काढलं, बाबांच्या नावावरही ठपका बसला. तेव्हापासून आई ब्लॅकवुडांशी बोलत नाही. बरोबरच आहे तिचं."

"ईलाय म्हणजे या अ‍ॅबचे वडील?"

"तेच."

मार्जरीने उनाकडे बघितलं. उना पितळी कठडा स्वेटरच्या बाहीने पुसत होती. तो कधीच चकचकीत झाला होता.

"असो," हेवर्ड घसा खाकरून म्हणाला. गोधडी खांद्यावर घेतली की त्याला फारच अधिकार चढायचा. "उना, मी आणि मार्जने ठरवलंय—"

"मी काही ठरवलेलं नाही," मार्जरी म्हणाली.

"—ठरवलंय की तळघरातली खोली तुला—"

"ती माझी शिवणाची खोली आहे, हेवर्ड. आणि तिला खिडकी नाही. हिने जन्मभर समुद्र बघितलाय आणि तू हिला बॉयलर बघायला लावणार?"

"मार्ज, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"सकाळी तुझ्या होते. मग तू मला पाण्यात पाडलंस."

"मी पाडलं?"

उनाने तोंड उघडलं. दादा, मला सांगायचंय. एवढेच तर तीन शब्द. पण ते बाहेर पडेनात. ईलायच्या मुलाशी. आईला सांगायचं, तेही आईच्या वाढदिवसाला. आई तिच्याशीही बोलायचं बंद करेल, मग उना आणि अ‍ॅब सेहेचाळीस वर्षं एकमेकांना आईचे निरोप सांगत बसतील. हे डोळ्यांपुढे आलं आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" हेवर्डने विचारलं.

"काही नाही. जरा वारा खाते." तिने बाहेरच्या सज्जाचं लोखंडी दार ढकललं.

वारा असा आला की तिचे केस उभे राहिले. खाली खडकावर फेस, बोटीत अ‍ॅब, टोपी मागे सारून पाईप पेटवतोय. पलीकडे पाणी, पाण्यापलीकडे पिंचर्स कोव्हची घरं. उना खाली वाकली, दोरीकडे नजर गेली, आणि तिने कठडा घट्ट धरला.

दोन पांढऱ्या चादरी. दोरीच्या मधोमध. दोन्हींची टोकं एकावर एक, आणि वर एकच चिमटा.

"आई गं," उना म्हणाली.

फोन नव्हता तेव्हा दिव्यावरच्या बायका गावाशी धुण्यातून बोलत. एकटी चादर, सगळं ठीक. लाल कांबळं, डॉक्टर पाठवा. गोधडी, मूल झालं. काळा मोजा, कोण गेलं ते विचारायला या. गावातल्या बायका आपल्या दोऱ्यांवर उत्तर द्यायच्या. आणि दोन चादरी एका चिमट्यात म्हणजे या घरात लग्न ठरलं, जेवायला या, येताना काहीतरी घेऊन या.

"दादा!"

हेवर्ड बाहेर आला. त्यानेही बघितलं. त्याने गावाकडे बघितलं. गावातून एक बोट निघाली होती. तिच्यामागे दुसरी. धक्क्यावर माणसं पळत होती.

"ऱ्होडाकाकीच्या खिडकीत अजून दुर्बीण आहे?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"काकीला दुसरं काम काय आहे?"

"चार... पाच... मार्जरी! काय करून ठेवलंस हे!"

"मी काय केलं? धुणं वाळत घातलं!"

"लग्न जाहीर केलंस तू! अख्ख्या गावाला!"

"कुणाचं लग्न?"

"तेच तर! कुणाचंच नाही! आता मी सात बोटींना काय सांगू? सात झाल्या बघ. पुढच्या बोटीत तर अ‍ॅकॉर्डियन आहे. मी काय सांगू त्यांना, उना?"

सात बोटी. उनाने त्या पुन्हा मोजल्या. एवढी माणसं, एवढ्या वल्ह्यांचा आवाज, आणि आपण कुणाला फसवायचं?

"सांग, माझं," ती म्हणाली.

"तुझं काय?"

"लग्न, दादा. माझं आणि अ‍ॅबचं. जूनपासून ठरलंय. आज सांगणारच होते."

हेवर्डचा हात सुटला. गोधडी वाऱ्याने उडाली आणि कठड्यावर अडकली. पिंचर्स कोव्हच्या सात बोटींनी हेवर्ड क्विंटनला लंगोटीएवढ्या कपड्यात दिव्याच्या टोकावर उभा बघितला आणि पुढच्या बोटीतून मोठा जयजयकार झाला.

मार्जरीने मात्र उनाला मिठीच मारली. "कोपर!" ती ओरडली. "मला वाटलंच होतं! कोपर!"

"आईला कळलं तर काय होईल?" हेवर्ड गोधडी ओढत म्हणाला. "ब्लॅकवुड! आणि आई तिथे खाली एकटी आहे!"

तिघंही जिन्याकडे धावली.

*

खाली ड्रुसिलाबाई बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर, अंगावर ऊन घेत. खुबा ठणकत होता. दोरीपर्यंत जाऊन यायला आता त्यांना पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतो. चिमटे काढणं, चादरी मधोमध सरकवणं, हात वर करणं. शेवटी चांगल्या घट्ट चिमट्यासाठी त्यांना तो मधला घ्यावा लागला. कागद त्यांनी गवतावर ठेवला होता. वर दगड ठेवायला विसरल्या. विसरल्या असंच त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. कागद वाऱ्यावर उठला, एकदा मागे वळून बघितल्यासारखा फिरला आणि ऑन्टारियोच्या उलट दिशेला, आयर्लंडकडे गेला.

डोळे अधू झाले होते, नाक नाही. दोन उन्हाळे उनाच्या स्वेटरला पाईपच्या तंबाखूचा वास येत होता. दोन उन्हाळे दर शनिवारी पायरीवर कुणीतरी साफ केलेल्या कॉड माशाच्या जिभा ठेवून जात होतं, आणि उना म्हणायची, "कुणी ठेवल्या कोण जाणे." कोण जाणे! कॉडची जीभ इतकी नीट एकच घराणं कापतं.

पोरगी सांगेल म्हणून त्यांनी दोन वर्षं वाट बघितली. पण सांगायला समोरचं माणूस ऐकणारं असावं लागतं, आणि आपण ते नव्हतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शपथ घेतली होती, ब्लॅकवुडांशी तोंडातून एक शब्द काढणार नाही. शपथ ती शपथ. धुण्याबद्दल त्यात काहीही नव्हतं.

पहिली बोट लागली. ऱ्होडाकाकी "आता" म्हणायच्या आधीच उडी मारून उतरली, कारण तिला सत्तर वर्षांचा सराव होता. मागून टोपल्या, काकवीची बरणी, तव्यावरच्या गरम पोळ्यांचं फडकं, बेकअ‍ॅपलच्या रानफळांचा मुरांबा, अ‍ॅकॉर्डियन.

"ड्रुसिला! कुणाचं गं?" तेवढ्यात जिन्याच्या दारातून हेवर्ड गोधडीत आणि मार्जरी कांबळ्यात बाहेर पडली. ऱ्होडाकाकीने दोघांना खालून वर बघितलं. "यांचं? अगं, यांचं झालं होतं ना? मी भेट पाठवली होती, किटली."

"माझं, काकी," उना म्हणाली. ती धापा टाकत होती. मग ती आईसमोर आली आणि गुडघ्यांवर बसली. "आई, चूक झाली, वहिनीला माहीत नव्हतं, तिने चादरी..."

"मी लांब-लांब घातल्या होत्या!" मार्जरी म्हणाली. "दोन-दोन चिमटे! मधे कागद होता! हेवर्ड, कागद कुठंय?"

ड्रुसिलाबाईंनी ॲप्रनच्या खिशातून उरलेले चार चिमटे काढले आणि उनाच्या ओंजळीत टाकले.

उनाने चिमटे मोजले. मग उना हसायला लागली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम, आणि आईच्या मांडीत तोंड लपवलं. अ‍ॅकॉर्डियनवाल्याला वाटलं हीच वेळ, पण ऱ्होडाकाकीने त्याच्या हातावर फटका मारला.

कारण अ‍ॅबसलोम वर आला होता. तो नेहमी थांबायचा तिथे, उंबऱ्यापासून तीन पावलं अलीकडे, टोपी हातात घेऊन थांबला. अठ्ठेचाळीस सालापासून कुठल्याही ब्लॅकवुडने ती तीन पावलं टाकली नव्हती.

ड्रुसिलाबाई उठल्या. खुब्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांना वाटलं होतं चादरी टांगल्या की झालं, पुढे काही बोलावं लागणार नाही. पण तो तिथे उभा होता, ईलायचेच कान, ईलायचीच वाकडी टोपी. आणि त्या त्याच्याशी इतकी वर्षं रागाने बोलत नव्हत्या, असं गाव समजत होतं. राग कुठला? बोललं असतं तर खरं बोलावं लागलं असतं.

"अ‍ॅबसलोम," त्या म्हणाल्या.

ऱ्होडाकाकीच्या हातून बरणी निसटता निसटता राहिली.

"त्या दिवशी पडदा मी उघडा टाकला होता." आवाज फुटला, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "पितळ पुसायला वर गेले होते. पडदा सारून बघितलं तर गावात, आमच्या आईच्या दोरीवर, दोन चादरी. माझ्या फॅनीचं ठरलं होतं. मी आनंदाने वेडी झाले. नाचत खाली आले. पडदा तसाच राहिला. आणि मग तुझ्या बापाला काढलं, आणि माझी जीभ उचलेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. नंतर तर फारच उशीर झाला."

हेवर्ड बाकावर बसला. त्याच्या बाबांच्या नावावरचा ठपका, अख्ख्या घराण्याचा राग, सगळं फॅनीमावशीच्या चादरींवर येऊन पडलं होतं.

अ‍ॅबसलोमने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ठाऊक आहे, काकी."

"काय ठाऊक आहे?"

"बाबांनी बघितलं होतं तुम्हाला जिना उतरताना. गात होतात म्हणे, अगदी बेसूर. मग तपासनीस आला, कोट जळला, तेव्हा पडदा कुणी टाकला ते त्यांना कळलं. पण ते म्हणाले, हिच्या बहिणीचं लग्न ठरलंय, आजचा दिवस हसू दे हिला, उद्या सांगू. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिला त्रास नको, मला तसाही त्या त्रेसष्ट पायऱ्यांचा वैताग आलाय." तो थांबला. "तो वैताग खरा होता की नाही, ते नाही मला माहीत."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत? इतकी वर्षं? मलासुद्धा?"

"तुम्हाला कसं बोलणार, काकी?" अ‍ॅबसलोम म्हणाला. "तुम्ही बोलतच नव्हतात."

ड्रुसिलाबाईंनी भिंतीला हात टेकला. मग त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला. उनाला वाटलं आईला काही झालं, आणि मग कळलं की आई हसतेय. ऐंशी वर्षांची ती बाई भिंतीला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. मार्जरी हसायला लागली, ऱ्होडाकाकी, शेवटी गोधडीतला हेवर्डसुद्धा. अ‍ॅकॉर्डियनवाल्याला कुणी अडवलं नाही.

हसणं आवरल्यावर ड्रुसिलाबाईंनी डोळे पुसले, ॲप्रन झटकला आणि अ‍ॅबसलोमच्या पायांकडे बघितलं. रबरी बूट, चिखल, माशांचे खवले.

"बूट पूस," त्या म्हणाल्या, "आणि आत ये."

तो तीन पावलं पुढे आला. त्याने पायपुसण्यावर बूट पुसले, आधी उजवा, मग डावा, आणि मग पुन्हा उजवा.